नऊ पन्नासचा मेसेज

आमच्या शाखेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी नऊ वाजून पन्नास मिनिटांनी येणारा मेसेज मी आता न उघडताच वाचू शकते. ‘तब्येत बरी नाही, आज येऊ शकत नाही.’ त्याखाली मॅनेजरसाहेबांचे ‘ओके, टेक केअर’. नऊ पन्नासला मी एसटीतून उतरून शाखेच्या पायऱ्या चढत असते, बाहेर वीस-पंचवीस माणसे पिशव्या आणि पासबुके सांभाळत शटर उघडण्याची वाट पाहत असतात, आणि त्या ओळीचा माझ्यापुरता अर्थ एवढाच असतो की आज डबा दुपारी चारच्या आधी उघडणार नाही.

मी एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या तालुक्याच्या गावातल्या शाखेत लिपिक आहे. नोकरीला बावीस वर्षे झाली. शाखेत लिपिकांच्या पाच जागा मंजूर आहेत आणि माणसे तीन आहेत: हेड कॅशियर, शेजारच्या काउंटरवरचा सहकारी आणि मी. म्हणजे सगळे हजर असतात त्या दिवशीही आम्ही आणखी दोघांचे काम अंगावर घेऊनच शटर उघडतो, आणि तिघांतला एक आला नाही की पाचांचे काम दोघांवर येते. हा हिशेब आधीच मांडून ठेवते, कारण पुढे ज्या रागाविषयी लिहिणार आहे तो राग बरेच दिवस चुकीच्या पत्त्यावर जात होता.

हेड कॅशियर निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहेत. दोन वर्षांहून अधिक काळ त्यांचे डायलिसिस चालू आहे. दर मंगळवारी आणि शुक्रवारी ते जिल्ह्याच्या ठिकाणी जातात, चार तास मशीनला जोडलेले असतात, आणि घरी आल्यावर त्या दिवशी त्यांच्याच्याने दुसरे काही होत नाही. बँकेत आजारपणाची रजा वर्षाला तीस दिवस जमा होते आणि तीही अर्ध्या पगारावर. पूर्ण पगार हवा असेल तर एका दिवसापोटी दोन दिवस वजा होतात. महिन्याला आठ-नऊ दिवस ज्याला लागतात, त्याच्या खात्यावर ही रजा किती दिवस पुरणार? तीस-पस्तीस वर्षांत जी साठली, तिच्यावर ते दिवस काढत आहेत. कधी कधी काउंटर बंद झाल्यावर ते खिशातली छोटी डायरी काढून शिल्लक रजा मोजतात, आणि आम्ही त्या वेळी मुद्दाम दुसरीकडे पाहतो.

त्यांच्या गैरहजेरीचे काम माझ्यावर येते ते हलके नसते. शाखेची रोकड दोघांच्या ताब्यात असते. तिजोरीला दोन किल्ल्या, एक हेड कॅशियरकडे आणि दुसरी अधिकाऱ्याकडे, आणि दोन्ही लागल्याशिवाय तिजोरी उघडत नाही. त्यामुळे कॅशियरने नुसते ‘उद्या येत नाही’ म्हणून चालत नाही. सोमवारी संध्याकाळी आम्ही दोघे अधिकाऱ्यासमोर पाचशेची, दोनशेची, शंभराची, खालच्या सगळ्या नोटांची बंडले मोजतो, नाणी मोजतो, रजिस्टरमध्ये आकडे लिहितो, देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सही होते, आणि मग ते किल्ली माझ्या तळहातावर ठेवतात. टेबलावर ठेवत नाहीत, तळहातावरच ठेवतात. गुरुवारी हेच पुन्हा. एक किल्ली हातात आली की शाखेतल्या रोख रकमेची अर्धी जबाबदारी माझी, आणि त्या दिवशी घरून मुलीचा फोन आला तरी मी शाखेबाहेर पाय टाकू शकत नाही.

तरीही एवढ्या दिवसांत हेड कॅशियरच्या रजेचा मला एकदाही राग आला नाही. शेजारच्या काउंटरवरच्या सहकाऱ्याची रजा दिवसांनी मोजली तर त्यांच्या तिसऱ्या हिश्श्याचीही भरणार नाही, पण त्या रजेने माझी झोप उडवली. असे का, हे मला फार उशिरा कळले. एकाची गैरहजेरी मला आदल्या संध्याकाळी मोजून, सही करून, हातात दिली जात होती. दुसऱ्याची अंगावर येऊन आदळत होती. अन्याय होतो आहे असे आपल्याला वाटते तेव्हा आपण व्हाउचरे मोजत नसतो. आपल्याला कुणी जमेस धरले की नाही, हे आपण मोजत असतो.

शेजारच्या काउंटरवरच्या सहकाऱ्याचे आजार नाना प्रकारचे होते: कधी पाठ, कधी पित्त, कधी डोके, कधी नुसतेच ‘बरे वाटत नाही’. पदरी पडलेल्या प्रत्येक दिवसाची मी घरच्या कालनिर्णयावर लाल पेनने टिंबे देऊ लागले. सोमवारची टिंबे जास्त दिसू लागली, सणानंतरच्या दिवसाची दिसू लागली, महिन्याच्या सुरुवातीला पेन्शनची गर्दी असते त्या दिवसांची दिसू लागली. त्या टिंबांचा मला एक प्रकारचा आनंद होऊ लागला, हे कबूल केले पाहिजे. नवऱ्याने एकदा विचारले, ‘हे सगळे कुणाला दाखवणार आहेस?’ माझ्यापाशी उत्तर नव्हते. शिवाय सोमवारची टिंबे जास्त आहेत म्हणजे माणूस खोटे बोलतो आहे, हेही खरे नाही. सोमवार हा आमच्याकडे सगळ्यात जड दिवस. ज्याला त्या दिवसाचे ओझे वाटते त्याचे पोट सोमवारीच दुखणार. डॉक्टरचे सर्टिफिकेट तपासणे, शंका असेल तर बँकेच्या डॉक्टरकडे पाठवणे, हे मॅनेजरचे काम आहे. मी मात्र काउंटर सांभाळून शिवाय गुप्तहेराचीही नोकरी करत होते, आणि तिचा पगार मला मिळत नव्हता.

त्या काळात मी काय केले? जे बहुतेक जणी करतात तेच: तोंड मिटून काम उरकले. चहा बंद केला, डबा चारला खाल्ला, साडेसातपर्यंत थांबले. लिपिकांना नियमाने ओव्हरटाइम आहे, अधिकाऱ्यांना तर तोही नाही; पण ओव्हरटाइमला आधी मंजुरी लागते आणि ती मागणारा माणूस शाखेत नकोसा होतो, म्हणून कुणी मागत नाही. राग गिळला की तो पचत नाही, दुसरीकडून बाहेर पडतो. नोव्हेंबरात पेन्शनरांचे हयातीचे दाखले असतात. २०२३ च्या नोव्हेंबरात एक आजोबा बोटाचा ठसा देत होते आणि शेतात राबलेल्या त्या बोटांच्या रेषा इतक्या झिजल्या होत्या की यंत्र ठसा घेईना. पाचव्यांदा लाल दिवा लागला तेव्हा मी त्यांच्यावर खेकसले, ‘आजोबा, नीट दाबा ना!’ त्यांनी बोट धोतराला पुसले आणि माझ्याकडे न बघता पुन्हा यंत्रावर ठेवले. मागे रांगेत तीस माणसे होती आणि शेजारची खुर्ची रिकामी होती. खेकसायचे होते ते त्या खुर्चीवर.

२०२४ च्या मे महिन्यात भाचीचे लग्न होते. मी मार्चमध्येच चार दिवसांच्या हक्काच्या रजेचा अर्ज दिला होता. दर अकरा दिवसांच्या हजेरीमागे एक दिवस अशी ही रजा आम्ही कमावतो. माझ्या खात्यावर ती गठ्ठ्याने पडून आहे. लग्नाच्या आठवडाभर आधी मॅनेजरसाहेब म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही गेलात तर शाखा कशी चालेल? एका दिवसात जाऊन येता येईल का, बघा ना.’ मी अक्षतांना पोहोचले आणि जेवणाच्या पंगतीतून उठून परतीची गाडी पकडली. इथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. रिझर्व्ह बँकेचा एक नियम आहे की, ट्रेझरी (बँकेच्या गुंतवणुकीचे व्यवहार), करन्सी चेस्ट (रिझर्व्ह बँकेच्या नोटांचा साठा) अशा संवेदनशील जागांवरच्या कर्मचाऱ्याला वर्षातून एकदा सलग किमान दहा कामाचे दिवस सक्तीने रजेवर पाठवावे, आणि तेही त्याला आधी न कळवता. हेतू घोटाळे उघडे पडावेत हा आहे. पण त्या नियमाच्या पोटात दुसरीही एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: कुठल्याही एका माणसावाचून बँकेचे काम अडता कामा नये. आमच्या काउंटरला तो नियम लागू नाही, तरी ‘तुम्ही गेलात तर शाखा कशी चालेल’ हे वाक्य ऐकताना मला तोच आठवला. ते वाक्य मी तोवर कौतुक समजत आले होते.

मग आला १९ ऑगस्ट २०२४. सोमवार, आणि राखी पौर्णिमा. लाडकी बहीण योजनेचे जुलै-ऑगस्टचे मिळून तीन हजार रुपये आदल्याच आठवड्यात बायकांच्या खात्यांवर जमा होऊ लागले होते. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच येणार, त्यामुळे ज्यांचे आले त्या काढायला आणि ज्यांचे नाही आले त्या ‘आधार लिंक आहे का तेवढे बघा ना ताई’ म्हणायला, अशा दोन्ही रांगा पायऱ्यांवरून खाली रस्त्यापर्यंत गेल्या होत्या. नऊ पन्नासला मेसेज आला. हेड कॅशियर हजर होते, पण दुपारनंतर त्यांचे हात थरथरू लागतात. तीन वाजता मी त्यांना आत बसवले आणि त्यांची रांगही माझ्याकडे घेतली. साडेपाचला कॅश जुळवायला घेतली, तर पाच हजार कमी. पुन्हा मोजली, पाच हजार कमी. अधिकाऱ्यांनी मोजली, पाच हजार कमी.

सीसीटीव्ही काढून पाहिले. तीन वाजून चाळीस मिनिटांनी एका माणसाच्या चार हजारांच्या स्लिपवर मी पाचशेच्या नोटा मोजणी यंत्रात टाकते आहे, यंत्राच्या छोट्या पडद्यावर १८ उमटते आहे, आणि मी त्यातला फक्त ८ वाचून नोटा काचेखालून सरकवते आहे. त्याच वेळी डाव्या हाताने मी दुसऱ्या एका बाईचा फॉर्म धरला आहे आणि मान वळवून तिसऱ्याच कुणाशी तरी बोलते आहे. आपण काम करताना कशा दिसतो हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. त्या गृहस्थांना फोन केला, तर ते म्हणाले, ‘मला चारच हजार मिळाले.’ कमी पडलेली रोकड ज्याच्या काउंटरवर कमी पडली त्याने भरायची असते. मी स्वतःच्या खात्यातून पाच हजार काढले, कॅश जुळली, डे एंड म्हणजे दिवसाचे हिशेब बंद झाले आणि आठच्या गाडीने घरी आले. गाडीत मला रडू आले नाही. मी हिशेब करत होते की एका सहकाऱ्याच्या पोटदुखीचे पाच हजार आज मी भरले, आणि याची नोंद कुठल्याच वहीत नाही.

दुसऱ्या दिवशी मी कालनिर्णयावरची टिंबे थांबवली आणि एक दोनशे पानी वही घेतली. कोण आले नाही, याची ती वही नव्हती. रोज जाताना मी चार गोष्टी लिहायचे: आज काउंटरवर किती लिपिक होते, माझ्या हातून किती व्हाउचरे गेली, कोणते काम उद्यावर राहिले, आणि मी किती वाजता निघाले. नाव कुणाचेही नाही. या फरकाला मी फार किंमत देते. टिंबे माणसावर होती, वही कामावर होती. आणि माणसावरची तक्रार घेऊन गेलात की वरचा माणूस दोघांत समेट घडवायला बसतो, कामावरची घेऊन गेलात तर त्याला कामाविषयी काहीतरी बोलावेच लागते.

दिवाळीनंतर त्या वहीतून एक पानभर टिपण काढून मी मॅनेजरसाहेबांपुढे ठेवले. मंगळवार आणि शुक्रवार हे दिवस वर्षभर आधी ठाऊक असतात, तेव्हा त्या दिवशी शेजारच्या शाखेतून डेप्युटेशनवर, म्हणजे तात्पुरता, माणूस मागता येईल. दोनच लिपिक असतील त्या दिवशी पासबुक छपाई आणि केवायसी दुपारी दोननंतर घ्यावी. एकच असेल त्या दिवशी बाहेर तसा फलक लावावा. माझी मंजूर झालेली रजा आयत्या वेळी मोडू नये. एवढेच होते त्यात. त्यांनी ते दोनदा वाचले आणि म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही सांभाळून घेता म्हणून तर सगळे चालले आहे.’

‘सांभाळून घ्या’ हे आपल्या कचेऱ्यांमधले सगळ्यात महाग वाक्य आहे. ते उच्चारणाऱ्याला फुकट पडते. ते ऐकणारी बहुतेक वेळा बाई असते, आणि तिला ते घरीही ऐकायची सवय असते. मी म्हटले, ‘साहेब, मी सांभाळून घेते म्हणूनच वरच्यांना काही दिसत नाही. कागदावर ही शाखा उत्तम चालली आहे.’ ते गप्प झाले. मॅनेजरही काही सुखात नसतो, हे मला दिसते. त्यांच्यामागे विमा पॉलिसींचे टार्गेट, थकीत कर्जे आणि रोज संध्याकाळचा आढाव्याचा कॉल असतो. त्यांनी ते टिपण क्षेत्रीय कार्यालयाला पाठवले. तिकडून मंगळवारचा माणूस मिळाला, शुक्रवारचे ‘पाहू’ झाले. युनियनच्या प्रतिनिधींना भेटले, तर ते म्हणाले की भरतीचा मुद्दा मागण्यांत आहेच. तो होताही, मार्च २०२५ मध्ये पुकारलेला आणि आयत्या वेळी पुढे ढकलला गेलेला दोन दिवसांचा संप पाच दिवसांच्या आठवड्याबरोबर पुरेशा भरतीसाठीही होता. पण शुक्रवार दर आठवड्याला येतो.

शुक्रवारचा प्रश्न अखेर सुटला तो, सहकारीही नसला की बाहेर लागणाऱ्या फलकामुळे. आमच्या दफ्तरीभाऊंनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर जाड मार्करने लिहिले होते, ‘आज एकच काउंटर सुरू आहे. सहकार्य करावे.’ मला भीती होती की लोक अंगावर येतील. झाले उलटेच, आधी कळले की माणसे परत जातात, दुपारी येतात, नाहीतर कट्ट्यावर बसून गप्पा मारतात. तिसऱ्या शुक्रवारी मात्र एका निवृत्त गुरुजींनी तक्रारवही मागितली आणि वळणदार अक्षरात दीड पान लिहिले की, एवढ्या खातेदारांच्या शाखेत एकच काउंटर असणे ही बँकेला शोभणारी गोष्ट नाही, आणि ‘काउंटरवरील भगिनी एकटी तीन माणसांचे काम करीत आहे, तिच्याविषयी आमची तक्रार नाही’. पंधरा दिवसांत शुक्रवारी माणूस येऊ लागला. माझ्या दोन महिन्यांच्या वहीने झाले नाही ते गुरुजींच्या दीड पानाने झाले, याचे मला थोडे वाईट वाटले, हे लपवत नाही. जी गैरसोय मी इतकी वर्षे स्वतःच्या अंगावर झेलून लोकांपर्यंत पोहोचू दिली नव्हती, ती पोहोचल्याबरोबर तिला वाचा फुटली.

सहकाऱ्याशी बोलणे मी शेवटपर्यंत टाळले होते. तो माझ्याहून तेरा वर्षांनी लहान, मला ताई म्हणतो. एका दुपारी चहाच्या टपरीवर मी त्याला म्हटले, ‘तू आजारी असतोस की नसतोस हे मला विचारायचे नाही. पण येणार नसलास तर आठच्या आत कळव, म्हणजे मी घरून निघायच्या आधी दिवस लावून घेईन.’ तो बराच वेळ कप फिरवत राहिला. मग म्हणाला, ‘ताई, नऊपर्यंत मी प्रयत्नच करत असतो. कपडे घालून बसलेला असतो. मग जमत नाही.’ कशाने जमत नाही, हे त्याने सांगितले नाही आणि मीही खोदून विचारले नाही. एवढे खरे की त्या दिवसापासून नऊ पन्नासचा मेसेज बहुधा साडेसातला येऊ लागला. काम तेवढेच, पण माझ्या पोटातला गोळा अर्धा कमी झाला.

यंदा सप्टेंबरात मला डेंग्यू झाला. बावीस वर्षांत पहिल्यांदा मी सलग आठ कामाचे दिवस आजारपणाची रजा घेतली, आणि पहिल्या सकाळी, बुधवारी, ताप १०३ असताना सात वाजल्यापासून मोबाईल हातात धरून बसले होते. काय लिहावे हेच सुचेना. शेवटी लिहिले, ‘तब्येत बरी नाही, आज येऊ शकत नाही.’ दुसरे वाक्य जमलेच नाही. किल्लीबद्दल दोनदा फोन आला, तेवढाच.

परत गेले तेव्हा माझ्या ड्रॉवरमध्ये ती दोनशे पानी वही होती तिथेच होती. उघडून पाहिली, तर मी नसतानाच्या दिवसांच्या नोंदी सहकाऱ्याच्या तिरक्या अक्षरात होत्या: काउंटरवर लिपिक दोन, व्हाउचरे दोनशे बारा, केवायसीचे फॉर्म राहिले, निघण्याची वेळ सात चाळीस. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार, मग मंगळवारपासून पुन्हा. सोमवारचे पान कोरे होते.